पाचवा महिना उलटल्यावर गुणसूत्रांच्या तपासण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जनुकीय समुपदेशक आहे. माझ्यासमोर बसणाऱ्या जोडप्यांच्या हातात फुगलेली फाइल असते आणि तोंडी बहुतेक वेळा एकच वाक्य: "रिपोर्टमध्ये काहीतरी आलंय, डॉक्टर म्हणाले पुढची टेस्ट करून घ्या." कोणती टेस्ट, कशासाठी, किती दिवसांत, हे विचारायचं राहून गेलेलं असतं. पहिल्या तीन महिन्यांतल्या तपासण्यांबद्दल मराठीत आता बरंच वाचायला मिळतं. ज्यांचे ते दिवस निघून गेले, त्यांना मात्र कुणी नीट सांगत नाही. हे पान त्यांच्यासाठी आहे.

मला विसावा आठवडा लागलाय आणि डबल मार्कर केलीच नव्हती. आता उशीर झाला का?

नाही. डबल मार्कर ही रक्ततपासणी आणि बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजणारा एनटी स्कॅन यांची वेळ ११ ते १४ आठवड्यांची असते, ती गेली हे खरं. आपल्याकडे "तीन महिने कुणाला सांगायचं नाही" म्हणता म्हणता पहिली सोनोग्राफीच चौथ्या महिन्यात होते, त्यामुळे असं पुष्कळ जणींच्या बाबतीत घडतं. पण एनआयपीटी ही आईच्या रक्तात तरंगणारा बाळाचा डीएनए बघणारी तपासणी दहाव्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत केव्हाही करता येते. गर्भजलाची तपासणी, म्हणजे पोटावरून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढून केलेली, पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर पुढे कधीही होऊ शकते. तपासणीचा दरवाजा बंद होत नाही. तपासणीनंतर काय करता येईल, ते पर्याय मात्र आठवड्यागणिक कमी होत जातात.

महिने मोजायचे की आठवडे?

आठवडेच. "सहावा चालू आहे" एवढ्यावर कुठलाच निर्णय घेता येत नाही. सहावा लागला म्हणजे २१ आठवडे झाले असतील किंवा २५ सुद्धा, आणि या दोन्हींमध्ये गर्भपाताच्या कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल, तर सगळ्यात आधी झालेल्या सोनोग्राफीवरून ठरवलेली तारीख खरी मानायची. म्हणून तो पहिला रिपोर्ट कितीही जुना वाटला तरी टाकू नका.

क्वाड्रुपल मार्करचा रिपोर्ट "हाय रिस्क, १:१८०" असा आलाय. म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोम आहे?

डाउन सिंड्रोम म्हणजे एक गुणसूत्र (पेशीतला जनुकांचा धागा) जादा आल्यामुळे बाळ सावकाश वाढतं आणि शिकतं ती स्थिती. रिपोर्टचा अर्थ असा: हुबेहूब असाच रिपोर्ट असलेल्या १८० बायका एका ठिकाणी जमवल्या, तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल आणि १७९ जणींच्या बाळांना नसेल. साधारण १:२५० च्या वरची शक्यता आली की प्रयोगशाळा लाल अक्षरांत "हाय रिस्क" छापते. ते लाल अक्षर बघून रात्रभर रडलेल्या मुली मी पाहिल्यात, म्हणून हे आधी सांगते.

ही तपासणी १५ ते २० आठवड्यांत होते. आईच्या रक्तातल्या चार घटकांची पातळी आणि आईचं वय, वजन, गर्भाचे आठवडे यांचा हिशेब मांडून शक्यता काढतात. आठवडेच चुकीचे भरले असतील तर हिशेबही चुकतो. रिपोर्ट हाती आल्यावर पहिल्यांदा त्यावर लिहिलेले आठवडे, वजन आणि जन्मतारीख तपासा. ही तपासणी डाउन असलेल्या सुमारे ८० टक्के गर्भांच्या बाबतीत इशारा देते. उरलेले वीस टक्के तिच्या नजरेतून सुटतात, आणि शंभरातल्या सुमारे पाच निरोगी गर्भांच्या बाबतीत ती उगाच घाबरवते.

मी २६ वर्षांची आहे, घरात कुणाला असं काही नाही. मग मला ही तपासणी का सांगितली?

कारण डाउन सिंड्रोम बहुतेक वेळा वारशाने येत नाही. बीजांड तयार होताना २१ क्रमांकाच्या गुणसूत्राची जोडी सुटी होत नाही, आणि बाळाला त्याच्या दोनऐवजी तीन प्रती मिळतात. हे कारण १९५९ साली फ्रान्समध्ये उलगडलं. वय वाढतं तशी शक्यता वाढते: पंचविशीत साधारण १२५० मध्ये १, पस्तिशीत ३५० मध्ये १, चाळिशीत १०० मध्ये १. पण बाळंतपणंच मुख्यतः विशी-तिशीत होत असल्यामुळे डाउन असलेली बरीच मुलं तरुण आयांच्या पोटी जन्मतात.

अठरा आणि तेरा क्रमांकाच्या गुणसूत्रांची जादा प्रत असेल, तर त्यांना अनुक्रमे एडवर्ड्स आणि पाटाव सिंड्रोम म्हणतात. हे दोन्ही विकार फार गंभीर आहेत. अशी बहुतेक बाळं पहिल्या वाढदिवसापर्यंतही पोहोचत नाहीत. डाउन सिंड्रोमला त्यांच्याच रांगेत बसवून बोलणं मला पटत नाही, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

एनआयपीटी ९९ टक्के अचूक असते म्हणतात. मग ती पॉझिटिव्ह आली की विषय संपला ना?

इथे सगळ्यात मोठी गफलत होते. समजा तिशीतल्या १०,००० गरोदर बायकांची एनआयपीटी केली. त्यांच्यापैकी दहाएक बाळांना खरोखर डाउन असेल आणि तपासणी जवळजवळ ती सगळी पकडेल. उरलेल्या ९,९९० निरोगी बाळांपैकी हजारात एक या प्रमाणात, म्हणजे आणखी दहा जणींचा रिपोर्ट चुकून पॉझिटिव्ह येईल. हाती आले वीस पॉझिटिव्ह रिपोर्ट, आणि त्यांतले निम्मे खोटे. चाळिशीतल्या बायकांचा असाच हिशेब केला, तर दहातले नऊ खरे निघतात. म्हणजे कागदावर "पॉझिटिव्ह" हा शब्द तोच असला, तरी तुमच्यासाठी त्याचं वजन किती हे वय आणि सोनोग्राफी यांवरून ठरतं.

चूक होण्याचं मूळ कारण असं, की आईच्या रक्तात तरंगणारा हा डीएनए बाळाचा म्हटला तरी तो येतो वारेतून. क्वचित वारेतल्या पेशींत दोष असतो आणि बाळ मात्र ठीक असतं. जुळ्यांपैकी एक गर्भ सुरुवातीलाच विरघळला असेल, तरी रिपोर्ट फसतो. आईचं वजन जास्त असेल तर बाळाकडून येणारा डीएनए कमी पडतो आणि "निष्कर्ष नाही" असं उत्तर येतं.

म्हणून निव्वळ एनआयपीटीच्या रिपोर्टवर गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. कुणी तसा सल्ला दिला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत "सॉफ्ट मार्कर" लिहून आलंय. ते काय असतं?

१८ ते २० आठवड्यांच्या ऍनॉमली स्कॅनमध्ये दोन प्रकारच्या गोष्टी दिसतात. एक म्हणजे खरा दोष: हृदयाच्या पडद्याला मोठं छिद्र, पोटाची भिंत उघडी, हातांच्या मुठी घट्ट आवळलेल्या आणि वाढ मागे पडलेली. दुसऱ्या म्हणजे खुणा, ज्या स्वतः आजार नाहीत, पण गुणसूत्रांचा दोष असलेल्या गर्भांत जरा जास्त वेळा दिसतात. मेंदूतली छोटी पाण्याची गाठ, हृदयातला पांढरा ठिपका, मूत्रपिंडात थोडं साचलेलं पाणी या हलक्या खुणा. हृदयातला ठिपका तर आपल्या आशियाई बाळांत सर्रास दिसतो. तो एकटाच असेल आणि आधीचे मार्कर ठीक असतील, तर त्यासाठी पोटात सुई घालायची गरज नाही.

मानेमागची त्वचा ६ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असणं आणि नाकाचं हाड न दिसणं या खुणा मात्र वजनदार आहेत. तसंच दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर हलक्या म्हणून सोडून देता येत नाहीत.

स्कॅन "नॉर्मल" आला म्हणून गुणसूत्रं नॉर्मल, असंही नाही. डाउन असलेल्या कित्येक गर्भांत सोनोग्राफीला ठळक काहीच सापडत नाही.

सातव्या महिन्यात अचानक काही दिसू शकतं का? आधीचे स्कॅन चांगले होते.

हो, आणि त्यात दर वेळी आधीच्या डॉक्टरांची चूक असते असं नाही. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग बंद असेल, तर पोटात दोन फुगे शेजारी शेजारी असल्यासारखं चित्र दिसतं आणि गर्भजल वाढतं. हे पाचव्या महिन्यात बहुधा दिसत नाही, नंतरच दिसतं. असा दोष असलेल्या बाळांपैकी सुमारे तीसेक टक्क्यांना डाउन सिंड्रोम असतो. वाढ खुंटणं, हातापायाची हाडं मागे पडणं, हृदयाचे काही दोष हेही बऱ्याचदा नंतरच दिसतात.

स्कॅनमध्ये खरा दोष दिसलाय. आधी एनआयपीटी करू, ती निगेटिव्ह आली तर सुई टळेल, असं घरच्यांचं म्हणणं आहे.

घरच्यांची काळजी कळते, पण हा रस्ता चुकीचा आहे. एनआयपीटी मुख्यतः तीन-चार ठरावीक दोष शोधते. रचनेत दोष दिसला असेल तर कारण या तिघा-चौघांच्या बाहेरचंही असू शकतं, गुणसूत्राचा एखादा बारीक तुकडा गळालेला असू शकतो. निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन तुम्ही निश्चिंत व्हाल, आणि प्रश्न तसाच राहील.

शिवाय दिवस मोजून बघा. २० आठवड्यांना स्कॅन झाला. एनआयपीटीचं उत्तर यायला आठ-दहा दिवस. मग गर्भजल तपासणीची तारीख मिळायला तीन-चार दिवस, म्हणजे २२ आठवडे झाले. पेशी वाढवून गुणसूत्रांचा पूर्ण नकाशा यायला दोन ते तीन आठवडे. उत्तर हातात पडेपर्यंत पंचविसावा लागला. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जोडप्यांचा घात रोगाने नाही, या क्रमाने केलाय. उशिराच्या गरोदरपणात "आधी सोपी, मग अवघड" हा क्रम महागात पडतो. कोणती तपासणी प्रश्नाचा निकाल लावेल हे आधी ठरवा आणि शक्य असेल तर थेट तीच करा.

गर्भजलाची तपासणी नेमकी कशी करतात? बाळाला सुई लागेल का?

डॉक्टर सोनोग्राफीत बघत बघत, बाळापासून दूर पाण्याचा मोकळा कप्पा शोधून, पोटावरून बारीक लांब सुई घालतात आणि १५ ते २० मिलिलिटर पाणी काढतात, म्हणजे जेमतेम तीन-चार चहाचे चमचे. सुई पूर्ण वेळ पडद्यावर दिसत असते. हे सगळं दोन-तीन मिनिटांत उरकतं. भूल बहुधा देत नाहीत. दुखणं रक्त काढताना दुखतं त्याहून थोडं जास्त, आणि पिशवीला हलकीशी कळ आल्यासारखं वाटतं. काढलेलं पाणी पुन्हा भरून येतं. त्या दिवशी घरी जाता येतं. एक-दोन दिवस वजन उचलू नका, लांबचा प्रवास टाळा.

ज्यांच्या मनात नऊ महिने पलंगावर पडून राहायचं आलंय त्यांना सांगते, त्याची गरज नसते.

धोका आहे, पण जेवढा सांगितला जातो तेवढा नाही. पूर्वी शंभरात एक गर्भपात असं सांगायचे. आता अनुभवी हातांत तो हजारात एक ते पाच यांच्या दरम्यान धरतात. सातव्या-आठव्या महिन्यात भीती गर्भपाताची राहत नाही, वेळेआधी कळा सुरू होण्याची किंवा पाणी जाण्याची असते. म्हणूनच काही डॉक्टर, घाई नसेल तर, बाळ बाहेर जगण्याइतकं वाढेपर्यंत थांबायला सांगतात. नंतर अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, ताप आला, पोट दगडासारखं घट्ट राहिलं, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर सुईनंतर अँटी-डी इंजेक्शन (आईचं रक्त बाळाच्या रक्ताविरुद्ध जाऊ नये म्हणून) घ्यावं लागतं. गर्दीत हे राहून जातं, म्हणून स्वतः आठवण करून द्या.

नाळेतून रक्त घेण्याबद्दलही सांगितलं होतं.

ती तपासणी अठरा-वीस आठवड्यांनंतर करतात. उत्तर लवकर यावं म्हणून पूर्वी ती बरीच व्हायची. तिचा धोका गर्भजलाच्या तपासणीपेक्षा जास्त आहे, शंभरात एक-दोन. आता गर्भजलावरही लवकर उत्तर देणाऱ्या पद्धती आल्यामुळे फक्त गुणसूत्रांसाठी तिची गरज कमीच पडते.

प्रयोगशाळेच्या यादीत फिश, कॅरिओटाइप, मायक्रोऍरे असं लिहिलंय. सगळंच करायचं का?

फिश किंवा क्यूएफ-पीसीआर ही झटपट तपासणी आहे. दोन-तीन दिवसांत २१, १८, १३ आणि लिंग गुणसूत्रांची संख्या कळते. कॅरिओटाइपमध्ये पेशी वाढवून सगळी गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्याला वेळ लागतो. दिवस खूप भरले असतील तर गर्भजलातल्या पेशी कधी कधी वाढतच नाहीत, हे आधी माहीत असू द्या. मायक्रोऍरेत गळालेले किंवा जादा झालेले बारीक तुकडे दिसतात. तिला पेशी वाढवण्याची गरज पडेलच असं नाही, म्हणून उशिराच्या महिन्यांत ती जास्त कामाची. रचनेत दोष आहे आणि कॅरिओटाइप ठीक आहे, अशा शंभर गर्भांपैकी सुमारे सहांत मायक्रोऍरे कारण दाखवते.

तिची एक अडचण आहे. कधी "अर्थ निश्चित नाही" असा बदल सापडतो. मग आईवडिलांचं रक्त तपासून तोच बदल त्यांच्यात आहे का ते बघावं लागतं. निरोगी बापात तो सापडला, तर जीव बराच भांड्यात पडतो.

पाण्यातून मुलगा की मुलगी कळतं ना?

प्रयोगशाळेला कळतं, तुम्हाला सांगितलं जाणार नाही. १९७५ च्या सुमारास दिल्लीत गर्भजल परीक्षा सुरू झाली ती विकार शोधण्यासाठीच, पण बघता बघता ती मुली मारण्याचं हत्यार झाली. त्याविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ चा. लिंग सांगणाऱ्या डॉक्टरांना तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि विचारणाराही गुन्हेगार ठरतो. सोनोग्राफीआधीचा फॉर्म एफ आणि सुई घालण्याआधीचं फॉर्म जी हे संमतिपत्र याच कायद्याचे भाग आहेत. फॉर्म जी तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवा. इंग्रजी कागदावर डोळे मिटून सही करू नका, मराठी प्रत मागा.

दोष पक्का झाला. कायदा काय म्हणतो?

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि ज्या कारणांसाठी ही मुदत दिली आहे त्यांत गर्भातला गंभीर दोष येतो. २४ आठवड्यांनंतर गर्भात मोठा दोष असेल तर परवानगी मिळू शकते, आणि ती राज्याचं वैद्यकीय मंडळ देतं. मुंबईत जे. जे., पुण्यात ससून अशा शासकीय रुग्णालयांत ही मंडळं बसतात. अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत मंडळाने मत द्यायचं आणि परवानगी असेल तर पाच दिवसांच्या आत प्रक्रिया व्हायची, असं नियम सांगतो.

संमती फक्त त्या बाईची लागते. नवऱ्याची, सासूची सही कायदा मागत नाही. तुमचं नाव उघड करणं हा गुन्हा आहे.

मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्या एका महिलेला २६ व्या आठवड्यात, गर्भाला डाउन सिंड्रोम असूनही, सर्वोच्च न्यायालयाने परवानगी नाकारली होती. जानेवारी २०२३ मध्ये मेंदूचा गंभीर दोष असलेल्या गर्भाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने, बत्तीस आठवडे उलटून गेलेले असताना आणि मंडळाचा नकार असताना, निवड करण्याचा हक्क त्या स्त्रीचा आहे असं सांगून परवानगी दिली. दोन्ही विकार वेगळे, काळही वेगळा. तुमच्या बाबतीत काय होईल हे यावरून सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट कुणी आधी बोलत नाही. एवढ्या दिवसांनी गर्भपात म्हणजे कळा आणून केलेली प्रसूतीच असते. दूध येतं. सोबत जवळचं माणूस हवं. तोपर्यंत निदान पक्कं झालं नसेल तर वारेचा किंवा गर्भाच्या ऊतीचा नमुना तपासणीसाठी ठेवायला सांगा, नाहीतर कारण कायमचं हातातून निसटतं.

आम्ही काहीही झालं तरी बाळ ठेवणार आहोत. मग तपासणी का करायची?

करायलाच हवी असं नाही. "नको" म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि कुणीही त्याबद्दल तुम्हाला ऐकवू नये. पण आधी कळल्याचा उपयोग होतो. डाउन असलेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयाचा काही दोष असतो. तो आधी माहीत असेल तर बाळंतपण अशा ठिकाणी ठरवता येतं, जिथे लहान मुलांचे हृदयतज्ज्ञ आणि नवजात अतिदक्षता विभाग आहे. बंद आतड्यावर जन्मानंतर लगेच शस्त्रक्रिया लागते आणि ती बहुतेक वेळा यशस्वी होते. एडवर्ड्ससारखं निदान असेल, तर नळ्या-यंत्रं लावायची की बाळाला शांतपणे कुशीत ठेवायचं, हे आईवडिलांना घाईगर्दीत ठरवावं लागत नाही.

डाउन सिंड्रोमबद्दल मी इथे थोडी थांबते. ही मुलं सावकाश शिकतात, पण शिकतात. चालतात, बोलतात, बरीच जण शाळेत जातात, काही नोकरी करतात. हृदयावरचे उपचार सुधारल्यावर प्रगत देशांत त्यांचं सरासरी आयुष्य साठीच्या घरात गेलंय. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांसाठी लवकर निदान आणि उपचार केंद्रं आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं, आणि निरामय या आरोग्यविमा योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत उपचारखर्चाचं संरक्षण आहे. निर्णय घेण्याआधी अशा एखाद्या कुटुंबाला भेटायची इच्छा असेल तर समुपदेशकाला सांगा. ठेवायचं की नाही हे मी कुणाला कधी सांगत नाही, पण दोन्ही बाजू न बघता कुणी ठरवू नये असं मला मनापासून वाटतं.

ग्रहणात मी भाजी चिरली होती. सासूबाई म्हणतात त्यानेच झालं.

त्याने काही झालेलं नाही. जादा गुणसूत्र बहुतेक वेळा बीजांडातच असतं, म्हणजे दिवस राहिले त्या घटकेला ते ठरून गेलेलं असतं. नंतरचं ग्रहण, पपई, जिना, प्रवास, भांडण यांतलं काहीही त्याला कारण नाही. मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झालंय म्हणून हे झालं, असंही बोलतात. नात्यातल्या लग्नाने थॅलेसेमियासारख्या विकारांची शक्यता वाढते हे खरं, पण डाउन सिंड्रोमशी त्याचा संबंध नाही.

पुढच्या वेळी पुन्हा होईल का?

सुमारे ९५ टक्के वेळा जादा गुणसूत्र सुटं असतं. अशा वेळी पुन्हा होण्याची शक्यता साधारण शंभरात एक, किंवा आईच्या वयानुसार जी येईल ती, यांतली जी जास्त असेल ती. तीन-चार टक्के वेळा ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. तेव्हा आईबाबा दोघांचं कॅरिओटाइप करायलाच हवं, कारण दोघांपैकी एक जण स्वतः ठणठणीत असून वाहक असू शकतो. म्हणून "डाउन आहे" एवढ्या तोंडी उत्तरावर थांबू नका, कॅरिओटाइपचा कागद मागून घ्या.

डोहाळजेवण झालं की मी बाळंतपणाला माहेरी जाणार. काय काय न्यायचं?

पहिली सोनोग्राफी, मार्कर किंवा एनआयपीटीचे मूळ रिपोर्ट, ऍनॉमली स्कॅन, गर्भजलाच्या तपासणीचा रिपोर्ट, रक्तगट, आणि अँटी-डी घेतलं असेल तर त्याची तारीख. नमुना दिलाय आणि उत्तर यायचंय, असं असेल तर प्रयोगशाळेत माहेरचा फोन नंबर नोंदवा. गावातल्या डॉक्टरांना भेटायला कळा सुरू व्हायची वाट बघू नका, पोहोचल्यावर त्याच आठवड्यात फाइल दाखवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथेही ती दाखवता येईल.